शांताताईचं लग्न आणि आजीचं जाणं

आमच्या घरात आनंदाची कुठलीही गोष्ट प्रार्थनेवाचून सुरू होत नसे, आणि लहानपणी मला त्याचा फार राग यायचा. नाताळच्या करंज्या तळून परातीत उतरलेल्या असत, घरभर वेलदोड्याचा वास सुटलेला असे, मी आणि शांताताई परातीभोवती फतकल मारून बसलेल्या असू. पण बाबांची प्रार्थना संपेपर्यंत हात लावायची सोय नव्हती. आणि बाबांची प्रार्थना म्हणजे काही दोन वाक्यांत आटपणारी नव्हे. ती आधी पावसाला भेटायची, मग पिकांना, मग नव्या सरकारला, मग मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, आजारी माणसांना एकेकाचं नाव घेऊन, आणि तेव्हा कुठे करंजीकडे वळायची. मी एक डोळा किलकिला करून परातीकडे बघत असे. गाय व्याली की प्रार्थना. नवी पाटी आली की प्रार्थना. परसातल्या वेलाला पहिलं दोडकं लागलं, तर ते देठाशी तसंच ठेवून सगळ्यांनी वेलाजवळ उभं राहून प्रार्थना. "आनंद आपल्या मालकीचा नसतो, कृपा," बाबा मला म्हणायचे, "तो दिलेला असतो. ज्यानं दिला त्याला आधी कळवायला नको?" मला वाटायचं, ज्यानं दिला त्याला ठाऊकच असणार की. पण तसं बोलायची हिंमत नव्हती.

आम्ही पुलगावात, स्टेशनच्या मागच्या बाजूला, मिशनच्या दोन खोल्यांच्या घरात राहत होतो. गोरे साहेब त्यांच्या देशी परत गेले होते, बंगल्याला कुलूप होतं, पण आवारातली कडुनिंबाची झाडं आणि छोटं देऊळ तशीच होती. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. वर्धा जिल्हा तेव्हा अजून मध्य प्रदेशातच मोडत होता, आणि बाजारात अर्धं हिंदी, अर्धं मराठी चालायचं. आमच्या दिवसाला घड्याळाची गरज नव्हती. गिरणीचा भोंगा झाला की बाबा अंघोळीला जात, नागपूरकडची पॅसेंजर धडधडत गेली की आई चुलीवरचं भाताचं पातेलं उतरवी, आणि संध्याकाळी बाबांनी बाजाच्या पेटीचा भाता उघडला की आम्ही खेळ सोडून घरात पळायचो. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते. मूळचे समुद्रपूरचे देवाजी, बाप्तिस्म्यानंतर दाविदमास्तर. त्यांचं बोलणं पुस्तकी, शुद्ध, पवित्र शास्त्र वाचून वाचून तसंच झालेलं. आईचं मात्र अस्सल वऱ्हाडी राहिलं. कागदावर तिचं नाव सारा होतं, पण माहेरच्या गावात ती शेवटपर्यंत सरूच होती.

तिचं माहेर जवळच, नाचणगावात. पायी जाऊन पायी येण्यासारखं. तिथे तिचा धाकटा भाऊ, माझा गुणाजीमामा, आपल्या मळ्यात वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, मेथी पिकवी आणि पुलगावच्या बाजारात आणून विकी. आईबाबांनी धर्म बदलला तेव्हापासून मामाने आमच्याशी बोलणं टाकलं होतं. भाऊबंदांनी त्याला तसं करायला लावलं की त्याने आपण होऊन केलं, हे मला कधी नीट कळलं नाही. बाजारात आई त्याच्या दुकानापुढून जायची, त्याच्या वांग्यांकडे बघायची, आणि भाजी शेजारच्या बाईकडून घ्यायची. मामा तराजूवर मान खाली घालून बसलेला असे. पण आजी, आईची आई भागीरथी, मळ्याच्या कुंपणापाशी बाभळीखाली येऊन बसायची. आई आम्हांला घेऊन त्या रस्त्याने जाई. आजी कुंपणाच्या आत, आम्ही बाहेर, आणि मध्ये काट्यांची फांदी. तिला डोळ्यांनी नीट दिसत नसे. "कोन व, सरू का? पोरी आनल्या का?" असं ती विचारायची. मामा मोटेजवळ उभा असायचा आणि त्याला आम्ही दिसत नसू. म्हणजे तो आम्ही दिसत नाही असं ठरवून उभा असायचा. आज विचार करते तर वाटतं, त्यानेही आपल्या परीने वाट मोकळीच ठेवली होती.

बाबांच्या कडकपणाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं नीट समजणार नाही. त्यांचे वडील समुद्रपूरला वारले तेव्हा ते बसने गेले होते. भावांनी त्यांना वेशीवरूनच परत पाठवलं. बापाचं तोंडही पाहू दिलं नाही. ते घरी आले, अंघोळ केली, आणि दुसऱ्या दिवशी पुनरुत्थानाचा सण होता म्हणून देवळात पेटी वाजवून सगळी गीतं म्हटली. रडले नाहीत. आईने सुतकाचं नाव काढलं तेव्हा म्हणाले, "आपल्यात सूतक नाही. मरण जिंकलं गेलंय." मी तेव्हा फार लहान होते, पण ते बोलताना त्यांचा आवाज कसा सुका होता ते माझ्या कानांत आहे.

शांताताईचं लग्न ठरलं ते नागपूरच्या शमुवेलशी. तो रेल्वेत कारकून होता. त्याचे वडील थॉमससाहेबही रेल्वेतून निवृत्त झालेले, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. आमच्यासारख्या नव्या माणसांकडे ते जरा वरूनच बघत. बोलणी करायला आले तेव्हा म्हणाले, "मास्तर, एक बात साफ सांगतो. आमच्या बिरादरीचे मोठे लोक येतील. हळद-बिळद, कुंकू, मामाबिमा, गावंढळ काही चालायचं नाही. बँड पाहिजे. जेवण टेबलावर पाहिजे." बाबांना बँडचं नवल वाटलं, पण हळदीच्या बाबतीत ते त्यांच्याच मताचे होते. आईला तेच टोचलं.

"पोरीच्या आंगाले हयद नाई लावाची म्हन्ता," ती रात्रीचा स्वयंपाक करता करता बाबांना म्हणाली. "हयद लावली म्हून येशू घरातून निंघून जाते काय?"

"प्रश्न हळदीचा नाही, सारा. आपण सगळं सोडून आलो. आणि लग्नात जुनंच करायचं, देवळात तेवढा ख्रिस्त, असं करायचं असेल तर मग बापाला मी कशासाठी गमावलं?"

आई भाकरी थापत राहिली. मग ती हलकेच म्हणाली, "माह्या मायले येऊ देसान का लग्नाले? तिनं शांताले वचन देल्लं. म्हने, कोनी काई बी म्हनो, मी तुह्या लग्नाले येतोच."

"आजी आल्या तर मी स्वतः त्यांना हाताला धरून पहिल्या बाकावर बसवीन," बाबा म्हणाले. यात त्यांचा काही अडसर नव्हता. अडसर दुसऱ्या बाजूचा होता. पण आजी हट्टी होती, आणि ती येणार असं आम्ही धरूनच चाललो होतो. बाकी वऱ्हाडी टेबलावर जेवले तरी आजीला पाटावरच जेवायला बसवायचं हेही आईने ठरवून ठेवलं होतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी कडुनिंबाखालच्या मांडवात मोठ्या चुली पेटल्या होत्या. बेसनाच्या पाटोडीचा रस्सा उकळत होता आणि त्याच्या तिखटाने सगळ्यांना शिंका येत होत्या. बुंदीचा घाणा चालला होता. थॉमससाहेबांची मंडळी आदल्या संध्याकाळीच आली होती आणि बंद बंगला उघडून तिथे उतरली होती. वर्ध्याहून पाळकसाहेब, लग्न लावणारे पाद्री, पहाटेच्या गाडीने आले होते. देवळात लग्नविधी सकाळीच होता, कारण दुपारनंतर पाहुण्यांच्या गाड्या होत्या. मी ताईच्या केसांना तेल लावत होते, आई तिची पांढरी रेशमी साडी झटकत होती. तेवढ्यात आवाराच्या फाटकाशी सायकल टेकवून एक माणूस उभा राहिला. तो मामाच्या शेजारच्या मळ्यातला होता. आत यायला बिचकत होता.

"सरूबाईले बलावा," तो म्हणाला.

आई साडी हातात घेऊनच बाहेर गेली.

"सरूबाई, बुढी गेली. कोंबडा आरवाच्या टायमाले गेली."

आईने विचारलं, "गुणानं धाडलं तुले?"

"नाई बाप्पा. गुणा काईच बोलला नाई. मीच आलो. म्हनलं, पोरीले मालूम तं झालं पाह्यजे."

तो सायकल घेऊन गेला. आई तिथेच उभी राहिली. बँडवाले सनईवर सूर लावून पाहत होते, त्यांना कोणीतरी गप्प केलं. बाबा धावत आले. पाळकसाहेब आणि थॉमससाहेबही आले. काय झालं ते सगळ्यांना कळायला वेळ लागला नाही. आवारात लपवण्यासारखी जागाच नव्हती.

"वाईट झालं," थॉमससाहेब म्हणाले. "पण देवाची कृपा की आपल्यात सूतक नाही. विधी वेळेवर होऊ द्या."

बाबांनी आईला बाजूला घेतलं. मी दारात होते, मला ऐकू येत होतं. "सारा, आधी लग्न लागू दे. विधी झाला की लगेच आपण दोघं जाऊ."

"तवरिक उचलतीन तिले."

"मुलीच्या लग्नात आई नसणार? लोक काय म्हणतील?"

"तिच्याजवळ तिचा बाप हाये. पाळकसाहेब हायेत, सारी मंडळी हाये." आईचा आवाज चढला नव्हता. "माह्या मायले एकच पोरगी हाये. तिच्याजवळ कोन हाये?"

बाबांनी आयुष्यभर वर्गात आणि देवळात उत्तरं दिली होती. त्या दिवशी ते नुसते टोपी काढून हातात फिरवत राहिले. तेव्हा आतून ताई आली. एका बाजूची वेणी घातलेली, दुसऱ्या बाजूचे केस मोकळे. तिने आईच्या हातातली पांढरी साडी काढून घेतली आणि म्हणाली, "आई, तू जा. कृपाला घेऊन जा. मी नेसते माझी."

म्हणून मी माझ्या एकुलत्या एका बहिणीच्या लग्नाला नव्हते. तिच्या लग्नाचे जे दोन फोटो आहेत त्यांत मी नाही आणि आईही नाही. नातवंडं तो अल्बम बघतात आणि विचारतात, तुम्ही दोघी कुठे होता? हे प्रकरण लिहायचं ते त्यासाठीच.

नाचणगावचा रस्ता आई जवळजवळ पळतच चालली. कापसाच्या गाड्या येत होत्या, त्यांच्या चाकांची धूळ तोंडावर येत होती, ती बाजूलाही होत नव्हती. अंगावर लग्नाचं नवं लुगडं. मामाच्या मळ्यातल्या घरापुढे माणसं जमली होती. अंगणात बायका आजीला अंघोळ घालून नुकत्याच बाजूला झाल्या होत्या, आणि पुरुष तिरडी बांधत होते. आई फाटकातून आत पाऊल टाकणार तोच भाऊबंदांतले थोरले बुवा काठी आडवी करून उभे राहिले. ते त्या घराण्यात सगळ्यांत वडील, त्यांचा शब्द कोणी मोडत नसे.

"तिथंच थांब, सरू. बाटली ना तू. आंघोळ झाली तिची."

"पाहू द्या ना काका. लांबूनच पाह्यतो."

"लांबूनच पाह्य मंग. कुपाटीच्या बाहेरून."

आई कुंपणाच्या बाहेर उभी राहिली. तिथून माणसांच्या पाठीच दिसत होत्या. ती ओरडली नाही, भांडली नाही. खाली धुळीत गुडघे टेकले आणि डोळे मिटले. मीही तिच्याजवळ गुडघे टेकले. आतल्या बायका आमच्याकडे बघून कुजबुजत होत्या. मला लाज वाटत होती, भीती वाटत होती, आणि त्याच वेळी पुलगावात ताईचा विधी सुरू झाला असेल, पाळकसाहेब विचारत असतील, हे राहून राहून मनात येत होतं. आईचे ओठ हलत होते पण शब्द ऐकू येत नव्हते. मामा आजीच्या पायाशी बसला होता. डोकं भादरलेलं, ओलं धोतर. त्याने एकदा आमच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

देवळात काय झालं ते ताईने मला नंतर सांगितलं, तिने सांगितलं तसंच सांगते. विधी सुरू व्हायच्या आधी बाबा पाळकसाहेबांपाशी गेले आणि म्हणाले की आजच्या प्रार्थनेत माझ्या सासूबाईंची आठवण करा. पाळकसाहेब अडखळले. म्हणाले, "मास्तर, त्यांचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. मृतांसाठी आपण प्रार्थना करत नाही, तुम्हांला माहीत आहे." बाबा म्हणाले, "मग माझ्या बायकोसाठी करा. तिचा बाप्तिस्मा झालाय, आणि ती जिवंत आहे." पाळकसाहेबांनी ती केली. लग्न लागलं. अंगठ्या झाल्या, गीत झालं. देवळाबाहेर बँड वाजायला लागणार तोच ताईने शमुवेलला म्हटलं, "मला आजीकडे जायचंय. आत्ता." नवऱ्याशी बोललेलं तिचं ते पहिलं वाक्य. आणि तो, आयुष्यात बापापुढे कधी तोंड न उघडलेला, म्हणाला, "चला."

थॉमससाहेब भडकले. "नवं जोडपं मयताला नेता? अपशकुन होतो!"

"साहेब," बाबा म्हणाले, "शकुन-अपशकुन आपण सोडलेत ना?"

"तुम्ही मला शिकवू नका, मास्तर. कालचे ख्रिस्ती तुम्ही. आनंदाच्या दिवशी देवाचे आभार मानायचे सोडून मूर्तिपूजकांच्या मयताला निघालात."

ताई म्हणते, यावर बाबा म्हणाले, "सूतक नाही असं मी सगळ्यांना सांगत आलो. त्याचा अर्थ दुःख करू नका असा मी लावला. ते चुकलं. येशू आपल्या मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या, थडग्यापाशी रडला होता." आणि ते चालायला लागले.

आम्हांला कुंपणाबाहेरून ते येताना दिसले. पुढे बाबा, उघड्या डोक्याने, टोपी हातात. मागे शमुवेल आणि पांढऱ्याशुभ्र साडीतली ताई, डोक्यावर जाळीचा पदर, हातात फुलांचा गुच्छ. त्यांच्यामागे मंडळीतली पाचदहा माणसं, आणि सगळ्यांत मागे बँडवाले. त्यांना परत जा म्हणायचं कोणाला सुचलंच नव्हतं. ते वाद्यं काखेत धरून मुकाट चालत होते. आधीच जमलेली माणसं रस्त्याकडे वळून बघू लागली.

"अव माय, हे नवरी ना व? आन पांढऱ्यात?"

"त्याईच्यात असंच रायते म्हन्ते."

"शांता होय थे. सरूची शांता. आज लगन होतं तिचं."

ताई कुंपणापाशी आली आणि आईजवळ धुळीत गुडघ्यांवर बसली. रेशमी साडीला लाल माती लागली. मामा उठून उभा राहिला. तो ताईकडे बघत होता. मला वाटतं त्या पांढऱ्या साडीने त्याच्या मनात काहीतरी उलथून गेलं. विधवेचा, मरणाचा रंग, आणि तो अंगावर घेऊन आलेली भाची. तो कुंपणापाशी आला आणि त्याने काट्यांची फांदी हाताने बाजूला ओढली.

"ये व आक्का. मायचं तोंड पाह्य."

"गुणा!" थोरले बुवा ओरडले. "समाज पाहून राह्यला!"

"पाहू द्या. काल रातीपासून ते हिचंच नाव घेऊन राह्यली होती. सरू आली का, सरू आली का. मी म्हनलं, येईन ते. काऊन खोटं बोलतो मी मेलेल्या मायशी?"

आई आत गेली. आजीच्या पायांवर डोकं ठेवलं, मग तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवला. ताईने नमस्कार केला, शमुवेलने केला, मीही केला. बाबा फाटकाबाहेरच राहिले. आजीचा चेहरा फार लहान झाला होता. आईने तिच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी म्हटलं.

आणि मग, आम्ही बाजूला झालो तेव्हा, बुवांनी नुसतं घशात खाकरून मामाकडे पाहिलं. मामा आत गेला, पाण्याचा तांब्या घेऊन आला, आणि आईचा हात लागला होता त्या सगळ्या जागी, आजीच्या पायांवर, कपाळावर, पाणी शिंपडलं. त्याने आईकडे पाहिलं नाही. आईने मात्र ते सगळं पाहिलं. तिने पदर तोंडात धरला होता. आम्हांला आत घेणारा तोच, आणि आमचा विटाळ धुणाराही तोच. मी आज इतकी म्हातारी झाले, वर्ध्याजवळ नालवाडीत मुलाच्या घरी गच्चीवर बसून हे लिहिते आहे, तरी मामावर रागवावं की त्याची कीव करावी हे माझं ठरलेलं नाही. त्याला त्याच घरात, त्याच लोकांत राहायचं होतं.

तिरडी उचलली. बाबांनी खांदा द्यायला हात पुढे केला, कोणीतरी तो हळूच बाजूला सारला. मग बाबा सगळ्यांच्या मागून, अंतर ठेवून, एकटे चालत गेले. रस्त्याच्या वळणापाशी मी त्यांना डोळे पुसताना पाहिलं. समुद्रपूरहून परत आले तेव्हा न आलेलं ते रडू असावं.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे त्या संध्याकाळकडे मोकळ्या मनाने जाता येईल. मंडळीच्या पंचांनी बाबांना जाब विचारला. लग्नाची वरात मूर्तिपूजकांच्या मयताला नेली, हा त्यांचा गुन्हा. बराच काळ देवळात त्यांना शास्त्रवाचन करू दिलं नाही. ते मागच्या बाकावर बसत आणि गीतं म्हणत. पेटी दुसरा कोणी वाजवी, चुकीची वाजवी, बाबांची बोटं मांडीवर हलत राहत. थॉमससाहेब ताईशी कित्येक दिवस बोलले नाहीत, आणि आमच्या दारात पुन्हा कधी आले नाहीत. ताईचे पहिले दिवस त्या घरात फार कठीण गेले. ते तिने मला म्हातारपणी सांगितलं, तेही थोडंच. शमुवेल मात्र तिच्या बाजूने उभा राहिला. मामा आमच्या घरी कधी जेवला नाही. पण बाजारात तो आईला "काय व आक्का" म्हणून हाक मारू लागला, आणि आई वांगी त्याच्याकडून घेऊ लागली.

हल्ली आमच्यातली लग्नं मोठमोठ्या लॉनवर होतात. केक कापतात, धूर सोडतात, नवरा-नवरी नाचत येतात. मला त्यात वाईट वाटत नाही. तरुण माणसांनी नाचावं. पण परवाच्या एका लग्नात प्रार्थना सुरू असताना फोटोवाला पाळकांना म्हणाला, जरा इकडे बघा, आणि पाळकांनी डोळे उघडून बघितलं. तेव्हा मला आमचा तो मांडव आठवला.

संध्याकाळी आम्ही घरी आलो तेव्हा बंगला रिकामा झाला होता. थॉमससाहेब आपल्या माणसांना घेऊन, न जेवता, नागपूरच्या पॅसेंजरने निघून गेले होते. शमुवेल राहिला होता. पाळकसाहेबांची गाडी चुकली होती, किंवा त्यांनी ती चुकवली होती. टेबलांवर पांढरे कपडे अंथरलेले होते आणि त्यावर कडुनिंबाची पानं पडली होती. पाटोडीवर तेलाचा तवंग थिजला होता. आचाऱ्याने ती पुन्हा गरम केली. मंडळीतली राहिलेली माणसं, बँडवाले, आम्ही, सगळे एकाच मांडवात बसलो. पानं वाढून झाली. कोणीही हात लावला नाही, कारण दाविदमास्तरांच्या घरचं जेवण होतं.

बाबा उभे राहिले. "हे आमच्या स्वर्गीय पित्या," ते म्हणाले, आणि थांबले. पुन्हा म्हणाले, "हे पित्या, आजच्या या आनंदाबद्दल..." आणि त्यांचा आवाज पुढे गेला नाही. ते तसेच उभे राहिले. ज्यांची प्रार्थना संपता संपत नसे त्यांना शब्द सापडत नव्हता. लोक मान खाली घालून वाट बघत होते. पाळकसाहेब उठायला लागले, मदतीला.

पण त्यांच्या आधी आई उठली. माझ्या आईने चार माणसांत कधी प्रार्थना म्हटली नव्हती. शास्त्रातली मराठी तिच्या जिभेवर चढत नसे, आणि आपल्या बोलण्यावर लोक हसतील असं तिला वाटायचं. तिचं लुगडं गुडघ्यांवर मातीने माखलेलं होतं. तिने पदर डोक्यावर घेतला आणि ती कुंपणापलीकडच्या माणसाशी बोलावं तशी बोलायला लागली.

"देवबाप्पा, माह्या शांताचं लगन झालं. तुहे लय उपकार झाले. पोरगा चांगला देल्ला, तिच्या संगं उभा राह्यला. दोघाईले सांभायजो. जे उपाशी गेले त्याईच्यावरचा माहा राग काढून टाकजो, मले नाई जमून राह्यलं. आन आज माही माय आली तुह्याकडे. तिले तुहं नाव मालूम नोतं. पन तुले तिचं मालूम असन, तूच घडवली तिले. भागीरथी नाव तिचं. तिले डोयानं दिसत नाई, तं तूच सामोरा जाजो. हात धरजो तिचा. येशूच्या नावानं मांगतो."

ती खाली बसली. मृतांसाठी प्रार्थना करायची नसते हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि पाळकसाहेब समोरच होते. ते आपल्या पानावर मान झुकवून, डोळे मिटून बसले होते. त्यांनी आमेन म्हटलं नाही. त्यांचा नियम होता, आणि त्यांना तो मोडवला नसावा. पण त्यांनी डोळेही उघडले नाहीत.

मग बाबांचा आवाज आला, घोगरा, पण सगळ्या मांडवाला ऐकू जाईल इतका मोठा.

"आमेन."

त्यांच्यामागून ताईचा आला, शमुवेलचा आला, माझा आला. बँडवाल्यांतला एक म्हातारा, जो ख्रिस्ती नव्हता, तोही काहीतरी पुटपुटला. आणि आई म्हणाली, "जेवा आता. थंडं होऊन राह्यलं."